पट्टा-कप्पी, ट्रॅक्टरची
ट्रॅक्टरच्या एंजिनाची शक्ती सपाट पट्ट्याद्वारे मळणी यंत्र, लाकूड कापण्याची करवत इ. स्थिर यंत्रांना पुरविणारे चाक. हे काम पूर्वी वाफेच्या कर्षण-एंजिनाचे प्रचक्र करीत असे.

फोर्ड ९ एन (१९३९) या अमेरिकन ट्रॅक्टरला ही कप्पी मागील बाजूस जोडीत. शक्तिदंडावरील टोपण काढून कप्पीची पेटी दंडाच्या खाचांत बसवीत व बोल्टांनी आवळीत. पेटीतील शंक्वाकार दंतचक्रे गतीची दिशा काटकोनात वळवीत. दोन्ही यंत्रांच्या कप्प्या एका रेषेत आणून ट्रॅक्टर सरकवून पट्टा ताणीत. कप्पीचा मध्य किंचित फुगीर असल्याने पट्टा घसरत नसे. पट्ट्याचा प्रमाणित वेग मिनिटास सु. ३,१०० फूट (सु. ९४५ मी.) होता, उघड्या पट्ट्यात कपडे वा हात सापडण्याचा धोका मोठा असे.

कप्पीमुळे ट्रॅक्टरची शक्ती मोजणेही शक्य झाले. सदोष ट्रॅक्टरांनी त्रस्त झालेले शेतकरी व विधिमंडळ सदस्य विल्मट क्रोझियर यांच्या पुढाकाराने नेब्रॅस्का राज्याने १९१९ मध्ये विक्रीपूर्व चाचणीचा कायदा केला. १९२० पासून राज्य विद्यापीठात कप्पी शक्तिमापकाला जोडून ‘पट्टा अश्वशक्ती’ मोजली जाऊ लागली. उत्पादकांचे दावे त्यामुळे पडताळता आले आणि फसव्या जाहिरातींपासून शेतकऱ्याला संरक्षण मिळाले.

पुढे शक्तिदंडाने थेट चालणारी अवजारे व कापणी-मळणीची संयुक्त यंत्रे रूढ झाल्यावर कप्पी मागे पडली. जुन्या यंत्रांच्या प्रदर्शनांत ती अद्याप चालविली जाते.