तूप, तराजू आणि अपस्मार

अपस्मार या संज्ञेतच व्याधीचे लक्षण सामावलेले आहे: स्मृतीचा अपगम. लोकव्यवहारात तिलाच फेफरे किंवा मिरगी म्हणतात आणि या नावांभोवती बाहेरची बाधा, देवाचा कोप अशा समजुतींचे कडे पडलेले दिसते. इ. स. पूर्व ४०० च्या सुमारास हिपोक्रेटिसच्या परंपरेतील एका ग्रीक ग्रंथाने या ‘पवित्र’ रोगाचे मूळ मेंदूत असल्याचे प्रतिपादन केले. चरकसंहितेने चिकित्सास्थानात अपस्माराला स्वतंत्र अध्याय दिला आणि पंचगव्य घृत, ब्राह्मी घृत अशी सिद्ध घृते सांगितली.

बालकांच्या अपस्मारावरील आजच्या केटोजेनिक आहारातही स्निग्धांशाला अग्रस्थान आहे. त्यामुळे पूर्वजांना हे सारे ठाऊक होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. सिद्ध घृत हे औषध. नव्या उपचारात मात्र संपूर्ण आहाराचे प्रमाणच बदललेले असते.

या उपचाराचे मूळ तुपात नसून उपवासात आहे. १९११ मध्ये ग्वेल्पा आणि मारी या फ्रेंच वैद्यांनी लंघनाने झटके कमी होत असल्याचे नोंदवले. परंतु वाढत्या मुलाला किती दिवस उपाशी ठेवणार? १९२१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील रसेल वाइल्डर यांनी त्यावर तोड सुचवली. पिष्टमय पदार्थ अत्यल्प ठेवून स्निग्धांश वाढवला, की शरीर उपवासातल्याप्रमाणेच चरबीवर चालते. यकृतात तयार होणारी कीटोन द्रव्ये मेंदूचे इंधन होतात. अभिजात पद्धतीत प्रथिने व पिष्ट मिळून १ ग्रॅम, तर स्निग्धांश ४ ग्रॅम. १९३८ मध्ये फेनिटॉइनचा गुण सिद्ध झाल्यावर गोळीच्या सोयीपुढे हा आहार मागे पडला. १९९० नंतर त्याकडे पुन्हा लक्ष गेले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतील चाचणीत औषधांना न जुमानणारा अपस्मार असलेली १०२ मुले होती. अॅटकिन्स आहाराच्या सुधारित, काहीशा सैल पद्धतीने तीन महिन्यांत ५२ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून अधिक घटले. नेहमीच्या आहारावरील गटात हे प्रमाण ११.५ टक्के होते.

बंगळूरच्या संदर्भात या इतिहासाला वेगळा अर्थ येतो. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या निम्हान्समुळे हे शहर मज्जाविज्ञानाचे केंद्र झाले. तेथील संशोधकांनी शहर व परिसरातील १,०२,५५७ लोकांची पाहणी केली, तेव्हा अपस्माराचे प्रमाण शहरात हजारी ५.७, तर खेड्यांत ११.९ आढळले. म्हणजे रोगाचा भार अधिक तो खेड्यात. आणि या आहाराला लागतो तो तराजू, आहारतज्ज्ञ आणि वारंवार तपासणी. मूतखडा व खुंटणारी वाढ यांच्या भयामुळे घरच्या घरी हा प्रयोग करता येत नाही.

शिवाय ताटाचा प्रश्न उरतोच. नाचणीचे मुद्दे, इडली, भात यांवर पोसलेल्या घरात, किंवा वरणभाताने पहिला घास भरवणाऱ्या मराठी कुटुंबात, नेमके हेच अन्न मोजून नाकारावे लागते. सणाच्या पंगतीत प्रसादाचा कणही हिशेबात धरावा लागतो. वैद्यकाच्या इतिहासात वाइल्डरचे नाव राहिले. रोज ग्रॅम मोजून मुलाचे ताट वाढणाऱ्या आईची नोंद मात्र त्यात क्वचितच सापडते. हा उपचार शेवटी तिच्याच हातून घडतो.