नवी थापी

इतिहास म्हटला की तलवारी, तोफा आणि तहनामे डोळ्यांपुढे उभे राहतात. मला मात्र त्या तलवारी ज्या भिंतींवर टांगल्या जात, त्या भिंती कोणी आणि कशाने गुळगुळीत केल्या, याचेच कुतूहल अधिक. त्या कुतूहलापोटी मी गिलाव्याच्या थापीपाशी येऊन पोचलो. हे हत्यार दुकानातून घरी येते तेव्हा ते पुरते घडलेले नसते. उरलेली घडण भिंत करते.

थापीचे कूळ मोठे जुने. प्राचीन इजिप्तमधील कारागिरांच्या लाकडी थाप्या संग्रहालयांत आहेत. सपाट पाटी आणि पाठीवर मूठ, एवढेच त्यांचे रूप. आजच्या गवंड्याच्या हाती दिली, तर ती कशी धरावी हे त्याला सांगावे लागणार नाही. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुतज्ज्ञाने उत्तम भिंतीसाठी वाळू-चुन्याचे तीन थर आणि त्यांवर संगमरवराच्या भुकटीचे तीन थर सांगितले. आधी जाडेभरडे, मग बारीक. हा क्रम मनात ठेवावा, कारण थापीही त्याच क्रमाने तयार होते.

नव्या पोलादी थापीचे कोपरे टोकदार असतात, कडेला कधी कणी राहिलेली असते. अशी थापी शेवटच्या मऊ थरावर फिरवली, की भिंतीवर ओरखडे उठलेच! म्हणून इंग्लंडातले कारागीर ती आधी वाळू-सिमेंटच्या खरबरीत थरावर चालवतात. वाळूचा कण न् कण कानसेचे काम करतो. कोपरे गोलावतात, कड पातळ होते, पात्याला किंचित बाक येतो. मग ती घोटाईला लायक ठरते. जुन्या थापीची कड तर इतकी धारदार होते, की बोट जपावे लागते. शिवाय ती झिजते एका हाताच्या वळणाने. दुसऱ्याच्या हातात ती अडखळते, म्हणून रुळलेली थापी सहसा कोणी उसनी देत नाही.

लंडनच्या गिलावाकारांच्या संघाला सातव्या हेन्रीने १५०१ साली सनद दिली. पुढे १५६३ च्या कायद्याने इंग्लंडात उमेदवारीची किमान मुदत सात वर्षे ठरली. एवढी वर्षे कशाला, असे आपल्याला वाटते. परंतु पोराने आधी खरबरीत थर ओढायचे आणि पुष्कळ दिवसांनी घोटाईला हात लावायचा, यात मोठे शहाणपण होते. हाती नवी थापी आली, तर थापीबरोबर मनगटही मुरत असे.

१९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने न गंजणारे पोलाद तयार केले, आणि कालांतराने थाप्याही त्याच्या होऊ लागल्या. साध्या पोलादाची थापी रोज पुसून तेल लावून ठेवावी लागे. ती कटकट गेली. आता तर कारखान्यातच कड घासून, कोपरे गोल करून ‘रुळलेली’ थापी विकत मिळते. घाईच्या कामावर पोट असलेल्या माणसाचे त्यामुळे काही आठवडे वाचतात. त्याला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. तथापि कारखाना झीज विकू शकतो, झिजवताना आलेला सराव विकू शकत नाही. ओल्या थरावर थापी किती तिरपी धरावी, थर आवळू लागला की जोर कधी वाढवावा, हे मनगटाला ठाऊक होते ते त्या आठवड्यांतच.

आपल्याकडे खंडेनवमीला गवंडी थापी-ओळंब्याला हळदकुंकू वाहतात. त्या पूजेत चकचकीत नव्या थापीशेजारी एखादी झिजून अरुंद झालेली थापी दिसली, तर तिच्याकडे जरा थांबून पाहावे. तिचे जेवढे पोलाद गेले, तेवढे कोणाकोणाच्या घराच्या भिंतींत आहे. आणि या दिवाळीत ज्या भिंतीवर आपण पणतीचा उजेड पाहू, तीही कोणाच्या तरी थापीने अशीच घोटलेली असेल.