बडोद्याची मांडवी आणि सांकवाळचे कोसंबी

मांडवी म्हटले की आपल्या गोवेकरांच्या डोळ्यांसमोर नदी येते. बडोद्यात मात्र मांडवी म्हणजे जुन्या शहराच्या ऐन मध्यावर उभी असलेली एक चौकोनी इमारत. तिच्या प्रत्येक बाजूला तीन कमानी. मांडवी या शब्दाचा एक जुना अर्थ जकात घेण्याची जागा असा आहे, आणि व्यापाऱ्यांच्या मालावर इथे जकात बसत असे. ही वास्तू मराठ्यांच्या आधीची. 2025 मध्ये तिच्या खांबांना तडे गेल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा गावात बरीच हळहळ व्यक्त झाली.

मांडवीकडून चार दिशांना चार रस्ते जातात आणि प्रत्येक रस्ता एका वेशीला पोचतो. पूर्वेला पाणीगेट, पश्चिमेला लहेरीपुरा, उत्तरेला चांपानेर आणि दक्षिणेला गेंडी. सोळाव्या शतकात गुजरातच्या सुलतानाने आखलेले हे तटबंदीचे शहर 1734 साली दमाजीराव गायकवाडांच्या हाती आले. तट आज नाही. वेशी आहेत, आणि त्यांच्यामधून रिक्षा, हातगाड्या आणि लग्नाचे बस्ते यांची वर्दळ दिवसभर चालू असते.

आपल्या जुन्या गोव्याशी तुलना करावीशी वाटते ती इथेच. राजधानी 1843 साली पणजीला गेली. जुन्या गोव्यात चर्चे उरली, पण शहर गेले. बडोद्याचे संस्थान 1 मे 1949 रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, 1960 साली बडोदे गुजरातेत गेले, तरी शहर नांदते राहिले. मांडवीजवळच्या विठ्ठल मंदिरातून कार्तिकी एकादशीला पालखी निघते. तिला तिथले लोक गुजरातीत वरघोडा म्हणतात. पुढे पौर्णिमेला नरसिंहजींची वरात तुळशीच्या लग्नाला जाते. विठ्ठल मराठी, मिरवणुकीचे नाव गुजराती, आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटत नाही.

तांबेकर वाडा तर अवश्य बघण्यासारखा. आपल्याकडे वाडा म्हणजे गावाचा एक भाग, तिथे वाडा म्हणजे सरदार-मुत्सद्द्यांचे घर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा लाकडी वाडा आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. आतल्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत. महाभारत आहे, कृष्णलीला आहे आणि इंग्रज-मराठे लढाईही आहे. तिथून थोड्या अंतरावर सुरसागर तलाव, आणि जवळच कीर्तिमंदिर. त्याच्या भिंतींवर नंदलाल बोस यांनी गंगावतरण आणि मीराबाई रंगवली.

हे सगळे पाहताना एक प्रश्न मनात घोळत राहतो. गायकवाडांचे घराणे मराठी, दरबार मराठी, पण रयत बहुतांशी गुजराती. अशा ठिकाणी राजसत्ता गेल्यावर राजाच्या भाषेचे काय होते? गोव्यात 1684 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने कोकणी बोलण्यावर बंदीचा हुकूम काढला. तो हुकूम काढणारे राज्य गेले, कोकणी राहिली. सयाजीराव महाराजांनी नेमके उलटे केले. 1893 साली अमरेलीत आणि 1906 साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि गुजराती मुलांना ते गुजरातीतून मिळाले. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक आलेल्या या राजाने आपली भाषा रयतेवर लादली नाही. मराठीसाठी त्यांनी ग्रंथ लिहवून घेतले, ग्रंथालये काढली, साहित्य संमेलने भरवली. 1909, 1921 आणि 1934 ही तीन संमेलने त्यांच्या हयातीत बडोद्यात झाली. चौथे झाले 2018 साली, म्हणजे संस्थान जाऊन जवळजवळ सत्तर वर्षे उलटल्यावर.

या ग्रंथांच्या कथेत आपला एक गोवेकर आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सांकवाळला 1876 साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या ओढीने 1899 साली घर सोडून निघाले. नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश असे फिरले आणि पाली भाषेचे पंडित झाले. कलकत्त्यात ते पाली शिकवत होते, पण आपल्या विद्येचा उपयोग मराठी माणसाला व्हावा ही त्यांची तळमळ होती. 1908 च्या सुमारास सयाजीरावांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये तीन वर्षे देऊ केले. अट अशी की महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरी राहावे आणि बडोदे सरकारसाठी वर्षाला एक पुस्तक लिहून द्यावे. कोसंबींनी कलकत्त्याची नोकरी सोडली. सरकारी मंजुरीच्या अटी मी रोज वाचतो. इतकी फलदायी अट क्वचितच भेटते.

बडोद्यात त्यांची बौद्ध धर्मावर व्याख्याने झाली. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक 1910 साली आले. पुण्यात राहिल्यामुळे हार्वर्डच्या प्राध्यापक वुड्स यांची गाठ पडली आणि ‘विसुद्धिमग्ग’च्या संपादनासाठी ते अमेरिकेला गेले. पुढे ‘भगवान बुद्ध’ लिहिले, तेही मराठीत. घरात कोकणी बोलणाऱ्या सांकवाळच्या माणसाने बुद्ध मराठीत आणला, आणि त्याच्या पोटापाण्याची सोय केली गुजरातेतल्या एका राजाने.

आपल्याकडे भाषेवरून वाद झाले की दोन्ही बाजूंचे बोलणे बहुधा राजमान्यतेवर येऊन थांबते. राजमान्यता हवीच, तिला कमी लेखण्याचे कारण नाही. पण बडोद्यात मराठीची राजमान्यता 1949 साली संपली आणि तरीही दांडिया बाजाराच्या घरांत मराठी ऐकू येते, वाचनालयांत मराठी पुस्तक मिळते. ते कशामुळे, याचा विचार आपण करायला हवा. बडोद्याला गेलात तर लक्ष्मीविलास राजवाडा बघाच, पण एक सकाळ मांडवीच्या चार रस्त्यांसाठी राखून ठेवा. आणि निघण्यापूर्वी कोसंबींचे एखादे पुस्तक वाचून जा. गोव्यातल्या बहुतेक ग्रंथालयांत ते मिळेल.