कार्ताहेना

कार्ताहेना : कोलंबियाच्या उत्तर किनाऱ्यावरचे, कॅरिबियन समुद्राकाठचे तटबंदीचे शहर व बंदर, बोलिव्हार प्रांताची राजधानी. लोकसंख्या सुमारे दहा लाख. पेद्रो दे एरेदिया या स्पॅनिश सरदाराने १५३३ मध्ये ते वसवले. स्पेनमध्येही कार्ताहेना असल्याने याचे पूर्ण नाव ‘कार्ताहेना दे इंडियास’. जुने शहर, किल्ला व बंदराची दुर्गरचना १९८४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

हे शहर समजून घ्यायचे तर आधी त्याचा उपसागर पाहावा. त्याला दोन तोंडे : बोकाग्रांदे म्हणजे मोठे तोंड आणि बोकाचिका म्हणजे छोटे तोंड. अठराव्या शतकात स्पॅनिशांनी पाण्याखाली दगडी बांध घालून मोठे तोंडच बुजवले. शत्रूला छोट्या तोंडातून, दोन्ही काठांवरच्या तोफांच्या माऱ्यातच यावे लागेल, असा त्यामागचा हिशेब. पेरू आणि इतर वसाहतींतले सोने-चांदी इथून स्पेनला जाई, म्हणून एवढा बंदोबस्त. त्याआधी फ्रान्सिस ड्रेकने १५८६ मध्ये शहर लुटले होते. १७४१ मध्ये ब्रिटिश ॲडमिरल व्हर्नन १८० हून अधिक जहाजे घेऊन आला. बोकाचिकाचा किल्ला त्याने जिंकला, पण सान फेलिपे किल्ल्याच्या चढावर त्याचे सैनिक कोसळले आणि उरलेल्यांना पीतज्वराने गाठले. एक पाय, एक डोळा आणि एका हाताची ताकद आधीच्या लढायांत गमावलेला ब्लास दे लेसो बचावाचा नायक होता. त्याच वर्षी त्याचा मृत्यू झाला.

तटाच्या आतले शहर पायीच पाहावे. ते लहान आहे, गल्ल्या अरुंद आहेत, आणि गाडीतून बाल्कन्यांवरून ओघळणाऱ्या बोगनवेलीशिवाय फारसे काही दिसत नाही. तटाला हात लावला की प्रवाळाचा दगड खरखरतो. जवळून पाहिल्यास त्यात शिंपल्यांच्या आणि पोवळ्यांच्या नक्षी तशाच दिसतात. हा तट समुद्रातूनच उचलून रचला आहे. पत्ता विचारताना एक गोष्ट लक्षात ठेवावी : जुन्या शहरात एकाच सरळ रस्त्याचे नाव दर चौकागणिक बदलते. सकाळी लवकर किंवा चारनंतर निघावे, दुपारचे ऊन दमट आणि निष्ठुर असते. डिसेंबर ते एप्रिल कोरडा, वाऱ्याचा काळ. ऑक्टोबरात पाऊस सर्वांत जास्त, तेव्हा सखल रस्त्यांवर पाणी साचते.

घड्याळ-मनोऱ्याच्या वेशीतून आत शिरले की प्लासा दे लोस कोचेस लागते. या चौकात आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचा बाजार भरे. आज त्याच्या कमानींखाली मिठाईवाल्यांच्या बरण्या आहेत. त्यांतली ‘अलेग्रिया’ म्हणजे भरडधान्याच्या लाह्या, ओले खोबरे आणि पानेला यांचा लाडू. पानेला म्हणजे आपला गूळच, त्यामुळे मराठी जिभेला ती चव अनोळखी वाटत नाही. गोडाचा घास घेताना चौकाचा इतिहास विसरू नये. जवळच सान पेद्रो क्लाव्हेर यांचे चर्च आहे. बंदरात उतरवलेल्या आजारी, साखळदंडात जखडलेल्या माणसांची सेवा त्यांनी जवळपास चाळीस वर्षे केली. डोक्यावर फळांची परात घेऊन फिरणाऱ्या पालेन्केरा बायका सान बासिलियो दे पालेन्के या, पळून गेलेल्या गुलामांनी वसवलेल्या गावच्या. त्यांचा फोटो काढण्याआधी विचारावे आणि फळे विकत घ्यावीत, एवढी अदब त्यांना मिळालीच पाहिजे.

वेशीबाहेरची हेत्सेमानी ही कारागिरांची आणि मुक्त कृष्णवर्णीयांची वस्ती. ११ नोव्हेंबर १८११ रोजी स्वातंत्र्य जाहीर करायला भाग पाडणारे लोक याच गल्ल्यांतून निघाले होते. संध्याकाळी त्रिनिदाद चर्चसमोरच्या चौकात आजही लोक गप्पांना बसतात. भाडी वाढल्याने जुनी कुटुंबे मात्र निघून जात आहेत, आणि ती गेली तर उरतील फक्त रंगवलेल्या भिंती.

विमानतळ जुन्या शहरापासून तीन-चार किलोमीटरवर. टॅक्सीला मीटर नसतो, भाडे भागांनुसार ठरते, म्हणून बसण्यापूर्वी विचारून घ्यावे. स्वतंत्र मार्गिकेवरची ट्रान्सकारिबे बस २०१६ पासून धावते. बासुर्तोच्या गजबजलेल्या बाजाराला जायला ती सोयीची.

बोकाग्रांदे हे उंच इमारतींच्या उपनगराचेही नाव आहे. तिथल्या पुळणीची वाळू करडी, पाणी गढूळसर. केवळ निळ्याशार समुद्रासाठी कोणी येणार असेल, तर त्याने बोदेगिता धक्क्यावरून लाँच धरून रोसारियो बेटांकडे जावे. लाँच सकाळी सुटतात आणि दुपारी वारा वाढण्याआधी परततात. वाटेत बोकाचिकाची खिंड लागते. एका काठावर सान फेर्नांदोचा किल्ला, समोर सान होसेचा, आणि आजही कंटेनरची प्रचंड जहाजे त्याच अरुंद पाण्यातून आत येतात.