हृदयातील नळी आणि ज्ञानाचा विवेक

मराठीच्या अध्यापकाने हृदयशस्त्रक्रियेवर बोलावे, याचे हरणीच्या सुजाण श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु ज्ञानाचा विवेक कोणत्याच विद्याशाखेला परका नाही.

१९२९ साली वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टराने स्वतःच्या कोपराजवळील शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवली. १९५६ च्या नोबेल पारितोषिकात त्याला वाटा मिळाला. पुढे समुद्रावरील शिडाची नाव पाहून स्वान यांना कल्पना सुचली. १९७० मध्ये त्यांनी व गांझ यांनी नळीच्या टोकाशी इवलासा फुगा बसविला आणि रक्तप्रवाहच तिला फुप्फुसधमनीत नेऊ लागला. १९७५ साली डॉ. के. एम. चेरियन यांनी भारतातील पहिली बायपास शस्त्रक्रिया केली. अशा शस्त्रक्रियांत हृदयाचे दाब व रक्ताचा ओघ या नळीने कळे. अनेक ठिकाणी ती नेमाचीच झाली.

१९९६ मध्ये अमेरिकेतील अतिदक्षता विभागांच्या अभ्यासाने तिच्याविषयी शंका उपस्थित केली. २००३ साली मोठ्या शस्त्रक्रियांच्या १,९९४ वयस्क, जोखमीच्या रुग्णांवरील चाचणीत तिचा लाभ आढळला नाही. आता बायपासमध्येही ती सरसकट न वापरता निवडक रुग्णांसाठी राखावी, असे अनेक तज्ज्ञ मानतात.

आकडा हाती येणे म्हणजे रुग्ण बरा होणे नव्हे. वैद्यकाने आपल्याच लाडक्या साधनाची परीक्षा घेतली, हे मला त्या शोधाइतकेच मोलाचे वाटते.