चिरकारी व्रण व महाभक्षी कोशिका-चिकित्सा

चिरकारी व्रण व महाभक्षी कोशिका-चिकित्सा : दीर्घकाळ भरून न येणाऱ्या व्रणात रक्तापासून तयार केलेल्या प्रतिरक्षा कोशिका सोडून तो भरून आणण्याची उपचारपद्धती. मधुमेही रुग्णाच्या पायावरील व्रण, नीलांच्या विकारामुळे घोट्याजवळ होणारा व्रण व अंथरुणास खिळलेल्या रुग्णाचा शय्याव्रण ही अशा व्रणांची प्रमुख उदाहरणे होत. सर्वसाधारण जखम काही आठवड्यांत भरते. हे व्रण महिनोन्‌महिने तसेच राहतात आणि मधुमेहात कित्येकदा पाय कापावा लागतो.

इतिहास : भरून न येणाऱ्या व्रणाचा प्रश्न प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत दुष्ट व्रणाची लक्षणे व व्रणावरील साठ उपक्रम वर्णिले आहेत. जखमेभोवतीचा दाह हा स्वतः रोग नसून शरीराची हितकर प्रतिक्रिया असू शकते, हा विचार ब्रिटिश शस्त्रवैद्य जॉन हंटर यांच्या १७९४ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आढळतो. दाहाच्या वेळी श्वेत कोशिका रक्तवाहिनीच्या भित्तीतून बाहेर पडतात, हे जर्मन विकृतिवैज्ञानिक यूलिउस कोनहाइम यांनी १८६७ मध्ये दाखविले. तथापि या कोशिका जंतूंना आश्रय देतात व रोग पसरवितात, अशीच समजूत त्या काळी रूढ होती.

ती बदलण्यास ईल्या मेच्निकॉव्ह (१८४५–१९१६) या रशियन प्राणिवैज्ञानिकांचा प्रयोग कारणीभूत झाला. १८८२ मध्ये सिसिलीतील मेसीना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभाच्या शरीरात गुलाबाचे काटे खुपसले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक काट्याभोवती चल कोशिका गोळा झालेल्या दिसल्या. या डिंभात रक्तवाहिन्या नसल्याने कोशिकांची ही हालचाल हाच दाहाचा मूळ गाभा होय, असे अनुमान त्यांनी काढले. अशा भक्षिकोशिकांपैकी मोठ्यांना त्यांनी ‘महाभक्षी’ असे नाव दिले. १९०८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना पाउल अर्लिक यांच्यासमवेत मिळाले.

भक्षण आणि जखम भरणे यांचा संबंध मात्र बऱ्याच उशिरा उलगडला. ऊतकांतील महाभक्षी कोशिका अस्थिमज्जेत निर्माण होणाऱ्या मोनोसाइट या रक्तकोशिकांपासून बनू शकतात, हे राल्फ फान फर्थ व झॅन्‌व्हिल कोन यांनी १९६८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी दाखविले. न्यूट्रोफिल जातीच्या श्वेत कोशिका नाहीशा केल्या, तरी जंतुरहित जखम भरते, असे सिम्पसन व रसेल रॉस यांना १९७२ मध्ये आढळले. याउलट १९७५ मध्ये लीबोविच व रॉस यांनी हायड्रोकॉर्टिसोन व महाभक्षीविरोधी रक्तरस देऊन गिनीपिगच्या जखमेतील महाभक्षी कोशिका घटविल्या. तेव्हा मृत ऊतकाचा निचरा रेंगाळला व नव्या ऊतकाची वाढही लांबली. यावरून महाभक्षी कोशिका केवळ सफाई करीत नसून दुरुस्तीचे नियंत्रणही करतात, हे स्पष्ट झाले.

उपचाराचे प्रयत्न : वृद्ध उंदरांच्या जखमेत महाभक्षी कोशिका टोचल्यास ती अधिक वेगाने भरते, असे डेव्हिड डॅनन व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे इझ्राएलमध्ये दात्याच्या रक्तातील मोनोसाइट वेगळ्या करून, अल्पकाळ सौम्य द्रावणात ठेवून त्या उद्दीपित करण्याची व नंतर संवर्धित करून व्रणात टोचण्याची पद्धत विकसित झाली. मानवी व्रणांवरील तिचा वापर १९९७ मध्ये, तर हृदयशस्त्रक्रियेनंतर उरोस्थीच्या जागी होणाऱ्या खोल जंतुसंक्रमणावरील वापर २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. वृद्धांच्या शय्याव्रणांवरील २०१० च्या तुलनात्मक चाचणीत नेहमीच्या उपचारापेक्षा या पद्धतीने अधिक व्रण भरले. परंतु चाचणी खुली असल्याने, म्हणजे दिलेला उपचार कोणता हे लपविलेले नसल्याने, तिच्या निष्कर्षांना मर्यादा पडतात.

मर्यादा : नुसत्या कोशिका वाढविणे पुरेसे नाही. उंदरांवरील २०१० च्या प्रयोगांत महाभक्षी कोशिका प्रारंभी काढल्यास नवे ऊतक कमी बनले, मधल्या टप्प्यात काढल्यास रक्तस्राव झाला, तर शेवटी काढल्यास विशेष फरक पडला नाही. नीलाविकाराच्या व्रणात झिरपणाऱ्या रक्तातील लोह साठवून या कोशिका दाहक अवस्थेतच अडकून राहतात, असे २०११ मध्ये दिसून आले. म्हणजे येथे वैगुण्य कोशिकांच्या अभावाचे नसून त्यांच्या वर्तनाचे आहे. ‘दुरुस्ती करणाऱ्या’ प्रकारच्या मानल्या गेलेल्या महाभक्षी कोशिका उंदरांच्या जखमेत सोडूनही ती लवकर भरली नाही, असे २०१४ मध्ये आढळले.

यामुळे ही चिकित्सा पूरकच ठरते. मृत ऊतक काढणे, व्रणावरील दाब टाळणे, रक्तपुरवठा सुधारणे, जंतुसंक्रमण व रक्तशर्करा आटोक्यात ठेवणे हे उपचार आधी व्हावे लागतात. त्यांकडे दुर्लक्ष झाल्यास बाहेरून सोडलेल्या कोशिकाही त्याच प्रतिकूल ऊतकात निष्प्रभ ठरण्याचा संभव असतो.