वीजबिलाची मांडणी

वीजबिलाची मांडणी : वीज वितरण कंपनीने ग्राहकाला दिलेल्या बिलात कोणती माहिती, कोणत्या क्रमाने, कोणत्या शब्दांत आणि किती आकडेमोडीसह दाखवावी, याचा विचार. प्रस्तुत नोंद मुख्यतः महाराष्ट्र राज्य वीज वितरण कंपनीच्या (महावितरण) लघुदाब घरगुती बिलापुरती आहे. बिल चांगले की वाईट हे त्याच्या देखणेपणावरून ठरत नाही. छापलेल्या आकड्यांवरून ग्राहकाला देय रक्कम स्वतः हिशेब करून काढता आली, तरच ते बिल वाचनीय म्हणावे. या नोंदीत हीच कसोटी लावली आहे.

पार्श्वभूमी : १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे जून २००५ मध्ये विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आली. दर व पुरवठ्याच्या अटी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग (स्थापना १९९९) ठरवतो. बिलात काय असावे हे आयोगाच्या २००५ च्या पुरवठा संहितेत सांगितले होते. तिची जागा २०२१ च्या विनियमांनी घेतली. या तरतुदींचा भर कोणती माहिती द्यावी यावर आहे. ती कशी मांडावी, हे बव्हंशी कंपनीवर सोपवलेले आहे.

बिलाची अंगे : वरच्या भागात बारा अंकी ग्राहक क्रमांक, बिलिंग युनिट, दर संकेत, मंजूर भार, मीटर क्रमांक, देयक दिनांक व देय दिनांक असतात. त्याखाली चालू रीडिंग, मागील रीडिंग, गुणक अवयव आणि एकूण युनिट. काही वर्षे बिलावर मीटरचा फोटोही छापला जात असे. सामान्य ग्राहकाच्या हाती आलेला हा सर्वांत भक्कम पुरावा होता, कारण बिलातले रीडिंग आणि भिंतीवरचे मीटर यांचा ताळा घरबसल्या घेता येत असे.

रकमेचा तपशील स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क अशा ओळींत येतो. वीज आकार टप्प्याटप्प्याने लागतो : पहिली १०० युनिटे, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. शंभराच्या वर एक युनिट गेले की सगळीच युनिटे महाग दराने मोजली जातात, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. चढा दर फक्त वरच्या टप्प्यातल्या युनिटांना लागतो. टप्पानिहाय युनिटे, दर आणि गुणाकार तीन स्तंभांत दाखवले, तर हा गैरसमज बिलाच्या कागदावरच मिटतो. वीज आकाराची नुसती एकत्रित रक्कम छापली की तो टिकून राहतो. घरगुती वीज शुल्क १६ टक्के आहे, पण ते वरच्या चारही आकारांच्या बेरजेवर लागते, हे ग्राहकाला माहीत नसते. तो फक्त वीज आकारावर १६ टक्के काढून पाहतो आणि हिशेब जुळत नाही म्हणून बिल चुकले असे मानतो. अंतिम रक्कम दहा रुपयांच्या पटीत पूर्णांक केली जाते व उरलेला फरक पुढच्या बिलात जातो. हाही एका ओळीत सांगता येण्याजोगा खुलासा आहे.

जून २०२० ची बिले : मांडणीच्या प्रश्नाचे महत्त्व या प्रकरणाइतके दुसऱ्या कशानेही उघड केले नाही. कोविड साथीच्या टाळेबंदीमुळे मार्च २०२० च्या अखेरच्या आठवड्यात मीटर रीडिंग थांबले व आयोगाच्या संमतीने सरासरी बिले देण्यात आली. ही सरासरी डिसेंबर, जानेवारी व फेब्रुवारी या थंडीच्या महिन्यांची होती. प्रत्यक्षात कुटुंबे एप्रिल-मे दिवसभर घरात होती आणि पंखे, कूलर, वातानुकूलन यंत्रे चालू होती. जूनमध्ये रीडिंग झाल्यावर साधारण तीन महिन्यांचा वापर एकाच बिलात आला. शिवाय १ एप्रिलपासून नवे दर लागू झाले होते. राज्यभर संताप उसळला.

टप्प्यांचा लाभ महिन्यांनुसार विभागून दिला होता की नाही, हा वादाचा गाभा होता. समजा तीन महिन्यांत ४५० युनिटे वापरली. योग्य हिशेबात दरमहा १५० धरून ३०० युनिटे पहिल्या टप्प्यात व १५० दुसऱ्या टप्प्यात येतात. एकाच महिन्याचे बिल समजून मोजले, तर पहिल्या टप्प्यात १००, दुसऱ्यात २०० आणि तिसऱ्यात १५० युनिटे पडतात. विभागणी केली असल्याचे व आधीच्या सरासरी बिलांची रक्कम वजा केल्याचे महावितरणने सांगितले, तपासणीसाठी संकेतस्थळावर सोय केली, हप्त्यांची सवलत आणि एकरकमी भरणाऱ्यांना दोन टक्के सूट दिली. वैयक्तिक बिलांतील चुकांचे प्रमाण किती होते, याबाबत मतभेद राहिले. मात्र विभागणीचे गणित ग्राहकाला मिळालेल्या कागदावरच पायरीपायरीने मांडले असते, तर त्याला कार्यालयासमोर रांगेत उभे राहावे लागले नसते. हिशेब बरोबर असूनही तो दिसत नसेल, तर ग्राहकाच्या दृष्टीने तो झालेलाच नसतो. अशा वेळी ग्राहकाला दोष देण्यात अर्थ नाही.

सरासरी बिल : मीटर बंद, घराला कुलूप किंवा रीडिंग न घेतल्यास अंदाजे बिल दिले जाते. केंद्र सरकारच्या वीज (ग्राहकांचे हक्क) नियम, २०२० नुसार असे बिल दोन बिलिंग चक्रांपलीकडे चालू राहिल्यास, असाधारण परिस्थिती वगळता, प्रत्यक्ष रीडिंगचे बिल मिळेपर्यंत ग्राहक रक्कम भरण्यास नकार देऊ शकतो. या हक्काचे स्मरण सरासरी बिलावरच ठळकपणे छापले जावे.

थकबाकी : मागील थकबाकी, व्याज आणि समायोजित रक्कम या ओळी सर्वांत दुर्बोध ठरतात, कारण त्या कोणत्या महिन्यापासूनच्या आहेत हे त्यांच्याजवळ लिहिलेले नसते. वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ नुसार दोन वर्षांपेक्षा जुनी रक्कम बिलांत सतत थकबाकी म्हणून दाखवली नसेल तर वसूल करता येत नाही. म्हणजे येथे बिलातील एका ओळीलाच कायदेशीर वजन आहे. पूरक बिलाबाबत ही मुदत केव्हापासून मोजावी यावर न्यायालयांत वाद झाले आहेत. वीज तोडण्यापूर्वी किमान पंधरा दिवसांची स्वतंत्र लेखी नोटीस आवश्यक असते.

सुरक्षा ठेव : वर्षातून एकदा, बहुधा एप्रिल-मे मध्ये, अतिरिक्त ठेवीची मागणी वेगळ्या बिलाने येते. नेहमीच्या बिलासारख्याच दिसणाऱ्या या कागदामुळे वीज दोनदा आकारली अशी तक्रार होते. ठेवीवरील व्याज बिलात जमा दाखवले जाते.

सौर छत : नेट मीटरिंगच्या बिलात आयात, निर्यात व पुढे ओढलेली युनिटे असतात. छोट्या जागेत कोंबलेला हा भाग जाणकारालाही सहज उलगडत नाही.

ई-बिल : छापील प्रत सोडणाऱ्यास ‘गो-ग्रीन’ योजनेत प्रत्येक बिलामागे दहा रुपये सूट मिळते. मोबाइलवरील लघुसंदेशात रक्कम व मुदत येते, तपशील नाही.

मुंबई : बेस्ट, टाटा पॉवर व अदानी इलेक्ट्रिसिटी यांची बिले वेगळ्या आराखड्याची आहेत.

परदेश : ऑस्ट्रेलियाच्या ऊर्जा नियामकाने २०२२ मध्ये बिलांच्या मांडणीसाठी मार्गदर्शिका काढली. भरायची रक्कम, मुदत व मदतीचा संपर्क यांसारखी माहिती पहिल्या पानावर असावी, असे बंधन तिने घातले.

स्मार्ट मीटर : असे मीटर बसवलेल्या घरगुती ग्राहकांना वापराच्या वेळेनुसार सवलत जुलै २०२५ पासून लागू झाली; तिची स्वतंत्र ओळ बिलात येते.